फाउंडेशनच्या बोर्डावर स्वयंसेवक डेव्हलपरांची बाजू कशी मांडावी

मुक्त स्रोत प्रकल्प म्हणजे ज्याचा कोड सर्वांना वापरायला आणि बदलायला खुला असतो असं सॉफ्टवेअर. अशा प्रकल्पाचा कारभार पाहणाऱ्या फाउंडेशनमध्ये बोर्डापुढे कोड फारसा येत नाही. अंदाजपत्रक, करार, ट्रेडमार्क, नोकरभरती, विमा, अनुदानांच्या अटी असे विषय येतात. कंपन्यांनी पाठवलेल्या संचालकांना हे कागद ऑफिसच्या वेळेत वाचता येतात, शंका आली तर कंपनीच्या वकिलाला विचारता येतं. स्वयंसेवकांनी निवडून दिलेला संचालक दिवसाची नोकरी आटोपून रात्री तेच कागद वाचतो आणि त्याच्यामागे कुठलाही विधी विभाग नसतो. ही तफावत पद्धतशीर तयारीनेच भरून निघते. बारा-तेरा मतांतलं एक मत क्वचितच निर्णय फिरवतं. बोर्डाला ठाऊक नसलेली वस्तुस्थिती निर्णयाआधी समोर ठेवली, तर मात्र निर्णय बऱ्याचदा बदलतो.

उमेदवारीआधी उपविधी वाचा

फाउंडेशनचे उपविधी, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नियम, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढा. एका-दोन संध्याकाळींचं काम आहे आणि ते टाळणाऱ्याला पुढे प्रत्येक बैठकीत अडायला होतं. सगळ्यात आधी आपली जागा कोणत्या प्रकारची आहे ते पाहा, कारण प्रत्येक संस्थेची रचना वेगळी असते.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन १९९९ साली स्थापन झालं. तिथे नऊ संचालक दरवर्षी सदस्यांकडून निवडले जातात आणि कंपन्यांना सदस्यत्व मिळतच नाही, त्यामुळे ‘डेव्हलपरांसाठी राखीव जागा’ हा प्रश्नच उद्भवत नाही. एक्लिप्स फाउंडेशनमध्ये मोठ्या सदस्य कंपन्यांना थेट जागा असतात आणि कमिटर (कोडमध्ये थेट बदल करण्याचा अधिकार असलेले डेव्हलपर) आपले प्रतिनिधी वेगळ्या निवडणुकीतून पाठवतात. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या रस्ट फाउंडेशनने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे सदस्य कंपन्यांचे संचालक आणि प्रकल्पाचे संचालक असे दोन गट आहेत, आणि ठराव मंजूर व्हायला दोन्ही गटांत स्वतंत्रपणे बहुमत लागतं. अशा रचनेत प्रकल्पाच्या संचालकांना ठराव थेट अडवता येतो. याउलट लिनक्स फाउंडेशनमध्ये वैयक्तिक सदस्यांना दोन संचालक निवडण्याचा अधिकार होता, तो जानेवारी २०१६ मध्ये उपविधी बदलून काढून टाकण्यात आला. लिनक्सच्या कर्नलवर (गाभ्यावर) काम करणाऱ्या डेव्हलपरांनी निवडलेल्या तांत्रिक सल्लागार मंडळाच्या अध्यक्षाला बोर्डावर जागा आहे, पण सर्वसाधारण वैयक्तिक सदस्याचा थेट रस्ता बंद झाला. तेव्हा ज्या जागेवर तुम्ही उभे राहताय ती कोणत्या बहुमताने रद्द होऊ शकते, हे कलम शोधून त्यावर खूण करून ठेवा. फक्त बोर्डाच्या बहुमताने उपविधी बदलत असतील, तर डेव्हलपरांची जागा बोर्डाच्या मर्जीवर आहे असं समजा.

दुसरी गोष्ट म्हणजे एका कंपनीतून किती जण चालतात. ग्नोम फाउंडेशनची मर्यादा ४० टक्के आहे. लिब्रेऑफिसमागच्या डॉक्युमेंट फाउंडेशनची एक तृतीयांश. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टीअरिंग कौन्सिलमध्ये, म्हणजे तांत्रिक निर्णय घेणाऱ्या मंडळात, पाच जणांपैकी एका कंपनीचे दोनच चालतात. नोकरी बदलली किंवा तुमची कंपनी दुसऱ्या सदस्य कंपनीने विकत घेतली, तर अचानक ही मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी कोण पायउतार होणार, किती दिवसांत आणि रिकामी जागा निवडणुकीने भरणार की नेमणुकीने, हे उपविधींत लिहिलेलं नसेल तर प्रश्न उभा राहण्याआधी लिहून घ्या. वेळ आल्यावर त्यावर चर्चा झाली की ती नियमावर राहत नाही, माणसांवर जाते.

तिसरी गोष्ट मतदारयादीची. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये महिन्याला किमान पाच तास स्वयंसेवी काम करणाऱ्याला मतदानाचा हक्क मिळू शकतो, पण त्यासाठी स्वतः अर्ज करावा लागतो आणि मतदान करणार असल्याचं ठरलेल्या तारखेआधी नोंदवावं लागतं. डॉक्युमेंट फाउंडेशनमध्येही सदस्यत्व आपोआप मिळत नाही, आपलं योगदान दाखवून अर्ज करावा लागतो. इथे नेहमी एकच चूक होते. वर्षानुवर्षं पॅचेस (कोडमधले सुचवलेले बदल) तपासणारे लोक नोंदणीची तारीख चुकवतात आणि त्यांचा प्रतिनिधी त्यांच्याशिवाय निवडला जातो. निवडणुकीच्या सहा आठवडे आधी सक्रिय मेंटेनरांची, म्हणजे प्रकल्पाचा एखादा भाग सांभाळणाऱ्या डेव्हलपरांची, यादी काढा, प्रत्येकाला नोंदणीचा दुवा पाठवा आणि शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी पुन्हा आठवण करून द्या. हे सगळ्यांना सारखं पाठवायचं, आपल्याला मत देतील अशा निवडक लोकांना नव्हे. निवडणूक अधिकाऱ्याला ते आधी कळवलं तर पुढे बोट दाखवायला जागा राहत नाही.

उमेदवारीच्या निवेदनात काय लिहावं

एक पान पुरे. तुम्ही प्रकल्पात काय काम करता, तुमचा पगार कोण देतं, महिन्याला किती तास देऊ शकता आणि कोणते दोन विषय बोर्डापर्यंत न्यायचे आहेत, एवढं स्पष्ट लिहा. सामान्य महिन्यात आठ ते दहा तास धरा, अंदाजपत्रकाच्या काळात त्याच्या दुप्पट. कार्यकारी संचालक बदलण्याची वेळ आली तर त्याहूनही जास्त. एवढा वेळ नसेल तर उभं राहू नका. गैरहजर प्रतिनिधीमुळे जागा रिकामी असण्यापेक्षा जास्त नुकसान होतं, कारण डेव्हलपरांचं म्हणणं ऐकून घेतलं असं कागदोपत्री दिसत राहतं.

तांत्रिक आश्वासनं देऊ नका. अमुक फीचर आणू, तमुक भाषेत पुनर्लेखन करू, हे बहुतेक फाउंडेशनांत बोर्डाच्या हातातच नसतं. पायथनमध्ये २०१८ साली मूळ निर्मात्याने नेतृत्व सोडल्यावर तांत्रिक निर्णयांसाठी स्टीअरिंग कौन्सिल आलं, आणि ते फाउंडेशनच्या बोर्डापासून वेगळं आहे. अपाचीतही कोडचे निर्णय प्रकल्पांच्या समित्या घेतात. बोर्डाला तांत्रिक वादात ओढणारा प्रतिनिधी पुढे उलट दिशेने होणाऱ्या हस्तक्षेपाचा रस्ताही मोकळा करून देतो.

तुमचं कर्तव्य कोणाशी आहे

यावरून नव्या प्रतिनिधींचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डेव्हलपरांनी निवडून दिलं असलं तरी संचालक झाल्या क्षणी कायदेशीर निष्ठा फाउंडेशनशी असते. बहुतेक देशांच्या कायद्यांत संचालकाने काळजीपूर्वक, संस्थेच्या हितासाठी आणि संस्थेच्या उद्दिष्टांना धरून निर्णय घ्यायचा असतो. हे कंपनीने पाठवलेल्या संचालकालाही तितकंच लागू आहे. ‘मतदारांनी सांगितलं म्हणून मी विरोध केला’ हे कारण कायद्यापुढे टिकत नाही. ‘मेंटेनर सोडून गेले तर फाउंडेशनचा उद्देशच धोक्यात येतो, म्हणून मी विरोध केला’ हे टिकतं. दोन्हींत भूमिका तीच आहे, पण दुसरी मांडणी बोर्डावरच्या प्रत्येकाला स्वतःच्या कर्तव्याची आठवण करून देते. म्हणून प्रत्येक मागणी संस्थेच्या हिताच्या भाषेत मांडायची सवय लावून घ्या.

पद स्वीकारण्यापूर्वी तीन कागद मागा: संचालकांच्या दायित्व विम्याची पॉलिसी, संस्था संचालकांच्या कायदेशीर खर्चाची हमी घेते का ते कलम, आणि हितसंबंध जाहीर करण्याचा फॉर्म. विमा नसेल तर तो घेईपर्यंत थांबणं रास्त आहे. तुमच्या नोकरीच्या करारात बाहेरच्या संस्थेचं संचालकपद घेण्यावर अट असेल, तर लेखी परवानगी घ्या, आणि तुम्ही कंपनीच्या वतीने बसत नाही हे त्या परवानगीत नमूद करून घ्या.

हितसंबंधाचा फॉर्म मोकळेपणाने भरा. मालक कंपनी, सल्लागाराची कामं, शेअर्स, फाउंडेशनकडून मिळालेलं अनुदान, घरातल्या व्यक्तीची नोकरी, सगळं लिहा. तुम्ही मेंटेन करत असलेल्या प्रकल्पाला पैसे द्यायचे की नाही हा विषय आला, तर माहिती द्या, प्रश्नांची उत्तरं द्या आणि मतदानाआधी बाहेर पडा. तसं इतिवृत्तात नोंदवून घ्या. स्वतः हा नियम पाळला तरच कंपन्यांच्या संचालकांकडून तो पाळून घेता येतो.

पहिले तीन महिने

पहिल्या आठवड्यात सचिवांकडे ही यादी पाठवा: गेल्या बारा महिन्यांची इतिवृत्तं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, चालू अंदाजपत्रक आणि आतापर्यंतचा खर्च, चालू करारांची यादी मुदतींसह, समित्यांची कार्यकक्षा, ट्रेडमार्कची नोंदणी कोणत्या देशांत आहे ते, आणि डोमेन, साइनिंग की (आवृत्त्यांवर डिजिटल सही करण्याच्या किल्ल्या) व मुख्य सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहेत ते. शेवटचा मुद्दा विचारला की अनेकदा सगळे एकमेकांकडे बघतात. डोमेन दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या स्वयंसेवकाच्या वैयक्तिक खात्यावर असणं ही दुर्मीळ गोष्ट नाही.

प्रत्येक संचालकाशी अर्धा तास बोला. ‘या वर्षी तुम्हाला बोर्डाकडून काय व्हायला हवंय?’ हा एकच प्रश्न विचारा आणि ऐका. कार्यकारी संचालकाशी मात्र तासभर बोला, कारण पुढे तुमच्या बहुतेक मागण्या त्यांच्या टीमच्या हातूनच पूर्ण व्हायच्या आहेत. कर्मचाऱ्यांना थेट कामं सांगू नका. संचालकाने परस्पर काम सांगितलं की कर्मचारी कात्रीत सापडतो, आणि त्या नाराजीची किंमत पुढच्या प्रस्तावाला मोजावी लागते.

त्याच काळात डेव्हलपरांची स्वतःची नोंद तयार करा. कोणत्या भागाचे मेंटेनर कोण, गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष रिव्ह्यू कोण करतंय, कोणत्या भागावर एकच माणूस उरलाय, रिलीज काढण्याचे अधिकार कितीजणांकडे आहेत. ही माहिती गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या) इतिहासातून काढता येते, पण तेवढ्यावर थांबू नका. इश्यू (नोंदवलेल्या त्रुटी आणि तक्रारी) तपासणारे, भाषांतर करणारे, सर्व्हर सांभाळणारे आणि दस्तऐवज लिहिणारे कमिटच्या आकड्यांत दिसत नाहीत.

म्हणणं कसं गोळा करावं

सर्वांना खुला सर्व्हे पाठवला की भरपूर वेळ असलेले आणि चिडलेले लोक उत्तरं देतात. त्यांचंही ऐकायचं, पण चित्र अपुरं राहतं. महिन्यातून एकदा तासभर खुली बैठक ठेवा, आणि दोन वेगळ्या वेळी आलटून पालटून, म्हणजे पृथ्वीच्या एका बाजूच्या लोकांना कायम पहाटे उठावं लागणार नाही. शिवाय दर महिन्याला यादीतल्या चार-पाच मेंटेनरांना वैयक्तिक विचारा. विशेषतः जे बोलत नाहीत त्यांना. प्रश्न नेमके असावेत: कोणतं काम तुम्ही टाळता आहात? गेल्या महिन्यात कशाची वाट पाहण्यात वेळ गेला? तुम्ही दोन महिने सुट्टी घेतली तर काय बंद पडेल? फाउंडेशनने कोणती गोष्ट करणं थांबवावं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जपून ठेवा. एक्सझेड युटिल्स या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेला मागचा दरवाजा, म्हणजे गुप्त प्रवेशमार्ग, आठवा. जवळजवळ एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्या, थकलेल्या मेंटेनरवर अधिकार वाटून देण्यासाठी दबाव आला, आणि मदतीला आलेल्या व्यक्तीने विश्वास कमावून ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घातक कोड घुसवला. ‘आमच्याकडे असे एकखांबी भाग किती आहेत’ हा प्रश्न कुठल्याही बोर्डाला समजतो, मग संचालक तांत्रिक असोत वा नसोत.

तक्रारीचा प्रस्ताव करणं

‘डेव्हलपर नाराज आहेत’ यावर बोर्ड सहानुभूती दाखवतं आणि पुढच्या विषयाकडे वळतं. निर्णय हवा असेल तर निर्णय घेता येईल असा कागद समोर ठेवावा लागतो. एक उदाहरण बारकाईने पाहू.

समजा, परिषदेच्या प्रवासखर्चाचा परतावा उशिरा मिळतो अशी तक्रार आहे. स्वयंसेवक स्वतःच्या कार्डावर तिकीट काढतो, आणि पैसे येईपर्यंत बिलाची तारीख उलटून जाते. कमी उत्पन्नाच्या देशांतले लोक मग येणंच सोडून देतात आणि त्यांची गैरहजेरी कुणाच्या लक्षातही येत नाही. आधी गेल्या वर्षभरातले दावे घ्या आणि प्रत्येकाच्या चार तारखा मांडा: दावा केला ती, कागदपत्रं पूर्ण झाली ती, मंजुरी मिळाली ती आणि बँकेत पैसे पडले ती. नावं काढून टाका. या चार तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की उशीर कुठे होतो ते लगेच दिसतं. मंजुरी देणारी एकच व्यक्ती महिन्यातून एकदा बसते, किंवा परदेशी हस्तांतर चुकीच्या बँक तपशिलामुळे परत येतं, किंवा परभाषेतल्या पावत्यांवरून पत्रव्यवहार लांबतो. तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. सरसकट ‘लवकर पैसे द्या’ असा ठराव केला तर यांतलं काहीच सुटत नाही.

मग एका पानावर लिहा:

१. अडचण: दोन वाक्यं आणि तारखांचा तक्ता.
२. ठरावाचा मसुदा, जसाच्या तसा मंजूर करता येईल असा: ठरावीक रकमेवरची तिकिटं फाउंडेशन स्वतः काढेल, पूर्ण कागदपत्रं मिळाल्यापासून १४ दिवसांत निर्णय होईल, जेवणाच्या पावत्यांऐवजी ठरलेला दैनिक भत्ता मिळेल, मंजुरीसाठी दुसरी व्यक्ती नेमली जाईल.
३. खर्च आणि तो कोणत्या शीर्षाखाली पडेल.
४. काम कोणाकडे जाईल, आणि त्या व्यक्तीने होकार दिलाय का.
५. न केल्यास काय होईल.
६. सहा महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा बोर्डापुढे येईल.

चौथा मुद्दा गाळला की प्रस्ताव मंजूर होऊनही मरतो. त्यामुळे कागद बोर्डाकडे जाण्याआधी कार्यकारी संचालकाला दाखवा. दैनिक भत्त्याला कराचे नियम आड येतात का हे त्यांचा लेखापाल सांगेल, आणि प्रस्ताव बैठकीत पोहोचेपर्यंत तो त्यांचाही झालेला असेल.

बैठक

कागद किमान सात दिवस आधी मिळावेत, असा नियम नसेल तर तो करून घेणं हा तुमचा पहिला ठराव असू द्या. बैठकीच्या आदल्या रात्री ऐंशी पानं आली तर त्याचा फटका स्वयंसेवकालाच बसतो.

अजेंड्यावर काही विषय एकगठ्ठा मंजुरीसाठी ठेवलेले असतात: मागचं इतिवृत्त, नेहमीचे अहवाल, छोटे करार. हे आधी वाचा. चर्चा न होता मोठी गोष्ट निघून जाण्याची हीच जागा. कोणत्याही संचालकाला त्यातला एखादा विषय स्वतंत्र चर्चेसाठी बाजूला काढता येतो. बैठकीआधीच अध्यक्षांना तसं कळवा.

महत्त्वाच्या ठरावावर बैठकीआधी तीन-चार संचालकांशी बोलून घ्या. हे कारस्थान नव्हे. बैठकीत प्रत्येक विषयाला दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि त्यात नवी कल्पना कुणाला पटत नाही. एखाद्याचा आक्षेप आधी कळला तर मसुद्यात दुरुस्ती करता येते.

बोलताना स्वतःचं मत, गोळा केलेलं मत आणि वस्तुस्थिती वेगवेगळी सांगा. ‘रिलीज काढणाऱ्या सहापैकी चार जणांनी सांगितलं’ आणि ‘मला वाटतं’ यांत फरक आहे, आणि तो तुम्ही पाळता हे लक्षात आलं की लोक तुमच्या आकड्यांवर विसंबायला लागतात. ‘समुदायाला हे मान्य नाही’ हे वाक्य पुराव्याशिवाय एकदा जरी वापरलं, तरी पुढच्या वेळी खऱ्या पुराव्याचंही वजन कमी होतं.

विरोध असेल तर नावासह नोंदवायला सांगा. अनेक ठिकाणच्या कायद्यांत हजर राहून गप्प बसलेल्या संचालकाची संमती गृहीत धरली जाते. तटस्थ राहणं हितसंबंध असेल तेव्हा ठीक. नको असलेला वाद टाळायला तटस्थ राहिलात तर मतदारांना तुमची भूमिका कधीच कळत नाही. माहिती अपुरी वाटली तर ‘पुढच्या बैठकीपर्यंत स्थगित ठेवावं आणि अमुक आकडे आणावेत’ असा ठराव मांडा. त्यात कोणते आकडे आणि कोण आणणार हे असलंच पाहिजे, नाहीतर स्थगिती म्हणजे विषय बासनात.

पैशाचे कागद

ताळेबंदात आधी पाहा की रोख रकमेतला किती भाग ठरावीक कामासाठीच मिळालेला आहे. बँकेत मोठी रक्कम दिसते, पण त्यातली बरीचशी सुरक्षेच्या अनुदानाची किंवा एखाद्या परिषदेची असते आणि इतरत्र वापरता येत नाही. उरलेल्या मोकळ्या रकमेला महिन्याच्या खर्चाने भागा. उत्तर सहा महिन्यांपेक्षा कमी आलं तर नवे कायमस्वरूपी खर्च सुचवण्याआधी विचार करा. तुमच्या ठरावाने नेमलेल्या माणसाला वर्षभराने काढावं लागणं कुणालाच नको असतं. मग सर्वांत मोठे तीन प्रायोजक मिळून उत्पन्नाचा किती टक्का देतात ते काढा. एक गेला तर काय कापलं जाईल, हे आजच विचारा. कापायची पहिली गोष्ट बहुधा प्रवास-अनुदान असते, म्हणजे थेट स्वयंसेवकांची.

अमेरिकेत नोंदलेल्या करमुक्त संस्थांचा फॉर्म ९९० (वार्षिक विवरणपत्र) सार्वजनिक असतो. पगार, मोठे कंत्राटदार आणि कार्यक्रमांवरचा खर्च त्यात दिसतो. तिथे संस्था ५०१(सी)(३) आहे की ५०१(सी)(६) हेही पाहा. पहिल्या प्रकारात सार्वजनिक हिताचा उद्देश असतो, अपाची आणि पायथनची फाउंडेशनं त्यात येतात. दुसरा प्रकार व्यापारी संघटनांचा, लिनक्स फाउंडेशन त्यातलं. ‘सार्वजनिक हित’ हा मुद्दा कुठे किती जोराने मांडता येईल, हे त्यावर अवलंबून आहे.

अनुदानाच्या बाबतीत रकमेआधी अटी वाचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचं १५ लाख डॉलरचं अनुदान नाकारल्याचं जाहीर केलं. विविधता आणि समावेशनाच्या कामावर बंधन घालणारी अट फक्त त्या प्रकल्पापुरती नव्हती, ती साऱ्या संस्थेला लागू होत होती, आणि तिचा भंग झाल्यास आधीच खर्च झालेले पैसेही परत मागता येणार होते. अनुदानाची अट कुठवर पोहोचते आणि पैसे परत मागण्याचं कलम आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारा.

पगारी कामाचा प्रश्न सगळ्यात नाजूक. अपाची फाउंडेशन परंपरेने कोड लिहिण्यासाठी पैसे देत नाही; पायथन फाउंडेशनने २०२१ पासून पूर्णवेळ डेव्हलपर नेमलेले आहेत. दोन्ही मार्ग चालतात. घोटाळा होतो तो मेंटेनरांना न विचारता एखाद्या आवडीच्या भागावर पगारी माणूस नेमला की. तो भाग इतकी वर्षं मनापासून करणारे दोन-तीन जण हळूहळू बाजूला होतात. पैसे द्यायचे तर स्वयंसेवक स्वतः टाळतात त्या कामांवर द्या: तुंबलेल्या इश्यूंची छाननी, रिलीजची यंत्रणा, सुरक्षा तक्रारींना पहिलं उत्तर, चाचणीचे सर्व्हर. काय टाळलं जातं हे तुमच्या मासिक प्रश्नांतून आधीच कळलेलं असेल. नेमणुकीत तांत्रिक गटाचा माणूस असावा, आणि पगारी डेव्हलपरला मर्जचे (बदल मुख्य कोडमध्ये सामील करण्याचे) जादा अधिकार मिळू नयेत.

नियम येतात तेव्हा

युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. असुरक्षितता कळवण्याची बंधनं ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि बाकीची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची काळजी घेणाऱ्या संस्थांसाठी त्यात वेगळा, हलका वर्ग आहे आणि त्यांना प्रशासकीय दंड लागत नाही. व्यावसायिक हेतूशिवाय योगदान देणारा स्वयंसेवक उत्पादक ठरत नाही. तरीही कंपन्या आपापल्या अनुपालनाचे फॉर्म मेंटेनरांच्या दारात आणून टाकतील, हा धोका खरा आहे. बोर्डापुढे सुरक्षा धोरण आलं की एकच प्रश्न धरून ठेवा: हा प्रत्येक कागद कोण भरणार? उत्तर ‘मेंटेनर’ असेल तर फाउंडेशन त्यासाठी किती तासांचे पैसे देणार आणि कंपन्यांकडून आलेल्या प्रश्नावल्यांना एका ठिकाणाहून उत्तर देणार का, हे त्याच ठरावात लिहून घ्या.

ट्रेडमार्क धोरणाचंही तसंच. रस्टच्या ट्रेडमार्क धोरणाचा मसुदा एप्रिल २०२३ मध्ये अभिप्रायासाठी खुला झाला तेव्हा जोरदार नाराजी उमटली. वकिलांनी तयार केलेला जवळपास पूर्ण मसुदा दाखवला की वाचणाऱ्याला ते ठरूनच गेल्यासारखं वाटतं. त्याऐवजी मसुद्याआधी दोन पानांचा उद्देश फिरवा: आज कोणता गैरवापर होतोय, आणि कोणता वापर कायम मोकळा राहील. पॅकेजच्या नावात प्रकल्पाचं नाव, स्थानिक मेळाव्यांचे लोगो, स्टिकर्स, व्हिडिओ, फोर्क (कोडची वेगळी काढलेली आवृत्ती), अशी वीस खरी उदाहरणं घ्या आणि मसुदा प्रत्येकावर चालवून बघा. वकिलांनाही याने मदतच होते.

परत सांगणं

बैठकीनंतर ७२ तासांच्या आत थोडक्यात टिपण पाठवा. मंजूर इतिवृत्त यायला महिना लागतो, तोवर अफवा पसरलेल्या असतात. काय ठरलं, का ठरलं, कोणता मुद्दा मांडला आणि तो का फेटाळला गेला, पुढे काय येतंय आणि मत कधीपर्यंत कळवायचं, एवढं पुरे. हरलेल्या ठरावाची समोरच्या बाजूची कारणं प्रामाणिकपणे द्या, त्या संचालकांना वाचून ‘हो, आम्ही हेच म्हटलं’ असं वाटेल इतकी.

बंद सत्रातलं बाहेर काढायचं नाही. कर्मचारी, कायदेशीर वाद, आचारसंहितेच्या तक्रारी, चालू वाटाघाटी हे विषय त्यात असतात. काय सांगता येईल हे सचिवांशी आधीच ठरवा; ‘एका करारावर बंद सत्रात चर्चा झाली, निर्णय पुढच्या महिन्यात’ एवढं वाक्य सहसा चालतं. एकदा गुपित फुटलं की महत्त्वाच्या चर्चा बैठकीबाहेर होऊ लागतात, आणि तिथे तुम्हाला बोलावलं जात नाही. याची दुसरी बाजूही सांभाळा: एखादा विषय उगाच बंद सत्रात ढकलला जातोय असं दिसलं तर तिथेच विचारा, की यात गोपनीय नेमकं काय आहे आणि उरलेला भाग उघडपणे चर्चिता येईल का.

जागा सोडताना

पुढच्या प्रतिनिधीचा शोध शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला घ्या. दोन-तीन इच्छुकांना समित्यांवर काम करू द्या. अर्थसमिती सर्वांत उपयोगी, कारण ताळेबंद वाचायची सवय तिथेच लागते. हस्तांतरासाठी एकच फाइल ठेवा: अर्धवट ठराव आणि ते कुठे अडलेत, दिलेली आश्वासनं, पुढच्या बारा महिन्यांतल्या कराराच्या मुदती, आणि मेंटेनरांची ती नोंद, लोकांनी विश्वासाने सांगितलेलं खासगी वगळून. पहिल्या दोन बैठकांच्या आधी नव्या प्रतिनिधीसोबत बसून कागद वाचा, बैठकीत मात्र त्यालाच बोलू द्या.

खाती, ईमेल, पासवर्डची तिजोरी, साइनिंग की आणि गोपनीय कागदांच्या प्रती यांची यादी सचिवांकडे देऊन पोचपावती घ्या. बँकेवर तुमची सही असेल तर ती बदलायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून ती प्रक्रिया मुदत संपण्याच्या दोन महिने आधी सुरू करा.